माणसांच्या नावाच्या चाली

एखाद्या माणसाचा गौरव करायचा म्हटले म्हणजे आपण हार घालतो, मानपत्र देतो, फार झाले तर रस्त्याला त्याचे नाव देतो. आयर्लंडमध्ये याखेरीज आणखी एक रीत आहे. तेथील फिडलवादक आपल्या आप्तासाठी वा स्नेह्यासाठी एक नवी चाल बांधतो आणि तिला त्या माणसाचे नाव देतो. या रीतीचा थोडक्यात परिचय करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, तारा चारच, फरक वादनाचा. आपल्याकडील व्हायोलिन गळ्याच्या गायकीमागे चालते, तर आयरिश फिडल नाचणाऱ्याच्या पावलांमागे. म्हणून चालींचे प्रकारही नृत्यावरून ओळखले जातात : सहाच्या लयीतली जिग, चारच्या लयीतली धावती रील, ठसकेबाज हॉर्नपाइप. चालीचे बहुधा दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा आणि तो दोनदा वाजवायचा, म्हणजे बत्तीस मापांत एक आवर्तन पुरे होते. पुष्कळ चालींचे स्वर आपल्या बिलावल, खमाज आणि काफी या थाटांशी जुळतात. त्यामुळे मोबाईलवर त्या प्रथम ऐकताना मला त्या अगदीच परक्या वाटल्या नाहीत.

माणसाच्या नावाने चाल बांधण्याची प्रथा जुनी आहे. टर्लो ओ'कॅरोलन (१६७० ते १७३८) हा देवीच्या रोगाने तरुणपणीच आंधळा झाला. मॅकडरमॉट रो घराण्यातील बाईंनी त्याला हार्प हे तंतुवाद्य शिकवण्याची व्यवस्था केली. पुढे तो गावोगाव फिरू लागला. ज्या घरी मुक्काम करी, तेथील यजमानाच्या नावाने तो चाल बांधी. अशा चालींना ‘प्लँक्स्टी’ म्हणतात. त्याच्या नावावर दोनशेहून अधिक रचना आहेत. मात्र हा गौरव बहुतांशी आश्रयदात्यांचा होता. ज्याच्या घरी जेवण, त्याच्या नावाची चाल!

विसाव्या शतकात फिडलवादकांनी या प्रथेचे रूप पालटले, असे मला वाटते. एड रीव्ही हा कॅव्हन परगण्यातला. १९१२ साली तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला आणि तेथे नळकामाचा धंदा करू लागला. १९८८ साली वारला तोवर त्याने शेकडो चाली बांधल्या होत्या. त्यांची नावे पाहिली तर गावाकडचे प्रार्थनामंदिर आहे, ओळखीचे घर आहे आणि मायकेल कोलमन (१८९१ ते १९४५) या थोर फिडलवादकाच्या स्मरणार्थ बांधलेली चालही आहे. येथे कोणी आश्रयदाता नाही, बिदागी नाही. दूर गेलेला माणूस आपली माणसे आणि जागा नावाने जपतो आहे.

आता कोणीही विचारील, की शब्दच नसलेल्या चालीत माणूस येणार कसा? खरे सांगायचे तर चाल कोणाचे चित्र काढीत नाही. आनंदी स्वभावाच्या मित्रासाठी जिग आणि गेलेल्यासाठी संथ चाल निवडता येते, इतकेच. बाकी सारा भार नावावर. बैठकीत कोणी विचारतो, ‘ही कोणाची चाल?’ मग वाजवणारा त्या माणसाची गोष्ट सांगतो. ही गोष्ट सांगितली जाते तोवरच गौरव टिकतो. सांगणारा उरला नाही, की चाल ‘गान एनिम’ होते; आयरिश भाषेत याचा अर्थ ‘निनावी’. अशा निनावी चाली तेथे कितीतरी आहेत. उलट गॉलवे परगण्यातील पॅडी फाही या वादकाने आपल्या चालींना नावेच दिली नाहीत. लोकांनी त्या साऱ्यांना ‘पॅडी फाहीची’ म्हणावयास सुरुवात केली. तो २०१९ साली वारला. चाली त्याच्याच नावाने चालू आहेत.

दुसरा प्रश्न असा, की काल बांधलेल्या चालीला पारंपरिक कसे म्हणावे? माझ्या मते परंपरा वयावर ठरत नाही. चालीचा साचा जुना असावा आणि ती दुसऱ्याने ऐकून उचलावी, म्हणजे झाले. बांधणाऱ्याला ओळखत नसलेला वादक ती आपल्या ढंगाने वाजवू लागला, की ती परंपरेची झाली.

आपल्या जात्यावरच्या ओवीशी या प्रथेचे नाते मला दिसते. ओवीतही जुन्या साच्यात बाई आपल्या भावाला, लेकीला, आईला बसवते. ओवीला शब्द असतात, चालीला नसतात, हा भेद आहेच. माझी आजी निरक्षर. आमच्या घराण्याची नावे सातबारा आणि रेशनकार्ड यांपलीकडे कोठे लिहिली गेली नाहीत. पण आजीच्या ओव्यांत तिचा भाऊ बैलगाडीतून येतो, आईचे अंगण येते, न जगलेली लेकही येते. गावात पिठाची गिरणी आली आणि दळण थांबले. ओव्या मागे पडल्या. आयर्लंडमध्येही १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्याला परवाना लागू लागला आणि घरोघरचे नाच ओसरले. पण तेथल्या वादकांनी चाली सोडल्या नाहीत.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मला चाल बांधता येत नाही. लिहिता मात्र येते. आजीच्या ओव्या मी वहीत उतरवून घेत आहे आणि प्रत्येक ओवीखाली त्यातला माणूस कोण, हेही लिहीत आहे. नाही तर ओवी उरेल आणि माणूस निनावी होईल. ज्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींच्या घरी अशा आज्या आहेत, त्यांनीही येत्या सुट्टीत एवढे काम करावे.