माशांचे आजोळ

छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात बर्फात ठेवलेली समुद्रातील कोळंबी विक्रीस येते. ती पाहणाऱ्यास वाटते, की हिचे सारे आयुष्य खोल सागरात गेले असावे. वस्तुतः तसे नसते. कोळंबीचा जन्म समुद्रात होतो हे खरे. परंतु तिच्या अनेक जातींचे बालपण जाते ते किनाऱ्यालगतच्या खाडीत.

अंड्यातून बाहेर पडलेली इवलीशी पिले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत येतात. तेथे नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते आणि काठावर कांदळवन उभे असते. कांदळ, तिवर इत्यादी झाडांच्या मुळांची तेथे अशी दाटी झालेली असते, की मोठ्या माशांस तीत सहसा शिरता येत नाही. झाडांची पाने गळून चिखलात कुजतात. त्यांवर सूक्ष्म जीव पोसतात आणि त्या जीवांवर ही पिले पोसतात. अन्न आणि आसरा ही दोन्ही अशा रीतीने एकाच ठिकाणी लाभतात. काही महिन्यांत अंगी बळ आले, की पिले पुन्हा समुद्राची वाट धरतात. बोईट, जिताडा इत्यादी माशांचे बालपणही अशाच पाण्यात जाते. सुटीत मुले आजोळी जातात आणि अंगाने भरून परततात, तसेच हे होय.

हे आजोळच नष्ट झाले तर? कांदळवन तोडले, खाडीत भराव घातला, अथवा बारीक छिद्रांच्या जाळ्याने पिलेच उपसून काढली, तर पुढे समुद्रात मासा यावा कोठून? बियाणेच दळून खाल्ले, तर शेतकऱ्याने पेरावे काय?

म्हणूनच समुद्राचे काही भाग राखून ठेवण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ साली ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. तेथील खडक, प्रवाळ आणि समुद्रशैवाल यांच्या आश्रयाने नाना जातींचे मासे वाढतात.

परंतु अभयारण्याच्या नावाने मच्छीमारांच्या मनात भय उत्पन्न झाले. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढून पोट भरणाऱ्यांना वाटले, की आता समुद्र आपणास बंद होणार. त्यांनी विरोध केला. ज्याची चूल समुद्रावर पेटते, त्याला विश्वासात घेतल्यावाचून कोणताही नियम कागदावरच राहतो. याउलट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखविण्याचा व्यवसाय उभा केला. तेथे झाड राखणे म्हणजे घर राखणेच होय.

राखण ही कल्पना कोळी बांधवांस परकी नाही. पावसाळ्यात पुष्कळ माशांची वीण होते. त्या दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवावी आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मगच ती पाण्यात लोटावी, ही त्यांची जुनी रीत आहे. काळाची राखण त्यांना पूर्वापार ठाऊक आहे. तिला स्थळाच्या राखणीची जोड मिळाली, तर माशांचे आजोळ टिकेल आणि मच्छीमाराचे घरही.

स्वाध्याय
१. खाडीला माशांचे आजोळ का म्हटले आहे?
२. अभयारण्यास मच्छीमारांनी विरोध का केला?
३. ‘काळाची राखण’ आणि ‘स्थळाची राखण’ यांतील भेद स्पष्ट करा.