हप्त्याहप्त्याने धावायला शिकूया

मैत्रिणींनो, आजचा पाठ बचतीचा नाही, पण बचतीच्या नियमांनीच शिकायचा आहे.

आधी एक काम करा. आपल्या गटाचं कर्ज-रजिस्टर उघडा आणि गेल्या दोन वर्षांत दवाखान्यासाठी किती कर्जं दिली ते मोजा. बीपी, शुगर, हृदय, गुडघे अशी कारणं लिहिलेली दिसतील. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे ते यासाठीच. आजारपण आलं की वर्षाची बचत आठवड्यात जाते.

बारामतीच्या लता भगवान करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शेतमजुरी करणारं घर. नवरा आजारी आणि एमआरआय तपासणीला पैसे नव्हते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

त्यांची हिंमत घ्या, पण त्यांच्यासारखं एकदम आणि अनवाणी धावू नका. त्यांचं शरीर मजुरीने काटक झालेलं होतं. आपल्यातल्या अनेकींचं वजन सत्तर-ऐंशीच्या पुढे आहे, चाळिशी उलटली आहे, दोन-तीन बाळंतपणं झाली आहेत. म्हणून आपण धावायचं, पण हप्त्याने.

"आम्ही दिवसभर राबतो की!"

हे खरंच आहे. पण घरकामात अंग दमतं आणि श्वास मात्र फारसा वाढत नाही. हृदयाला नियमित दम लागेल असं काम मिळालं की ते बळकट होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

वजनाचा खरा हिशोब

सरळ जमिनीवर एक किलोमीटर धावायला किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ऐंशी किलोच्या बाईच्या एका किलोमीटरला ऐंशी कॅलरी. एका वडापावात अडीचशे-तीनशे तरी असतात. त्यामुळे नुसतं धावून वजन झपाट्याने उतरेल अशी आशा धरू नका, नाहीतर महिनाभरात सोडून द्याल. वजन तेवढंच राहिलं तरी बीपी, शुगर, दम आणि झोप यांत फरक पडतो. काट्यापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

सुरू करण्याआधी

तिशीनंतरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. ती करून घ्या. बीपी १४०/९० च्या वर असेल, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्त कमी असेल, जिना चढताना छातीत दाटत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जा. शुगरच्या औषधांवर असलेल्या बाईने जवळ गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी.

धावताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, चक्कर आली किंवा घाम फुटून गार पडायला झालं, तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करा. "बसून बघू" म्हणू नका.

बारा आठवड्यांचा हप्ता

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. दरवेळी आधी आणि शेवटी पाच-पाच मिनिटं सावकाश चाला.

- आठवडा १ ते ३: फक्त वीस मिनिटं भरभर चालणं.
- आठवडा ४ ते ५: अर्धा मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं. असं आठ वेळा.
- आठवडा ६ ते ७: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. आठ वेळा.
- आठवडा ८ ते ९: दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. सहा वेळा.
- आठवडा १० ते १२: तीन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. पाच वेळा.

घड्याळ नसेल तर विजेचे खांब मोजा. सुरुवातीला तीन-चार खांब चालायचे, एक खांब धावायचा. धावणं इतकं हळू हवं की शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. पावलं लहान टाका. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा. कर्जाचा हप्ता चुकला तर दंड असतो, इथे नाही.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. म्हणून बूट हवेत, चप्पल नको. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. सलवार किंवा ट्रॅकपँट बरी, आणि आत घट्ट आधार देणारे कपडे हवेतच. पाय दुखून दुसऱ्या दिवशी थांबला तर चिंता नाही. सांध्यात दुखतच राहिलं किंवा सूज आली, तर धावणं थांबवून दाखवा. मधल्या दिवसांत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, आणि भिंतीला धरून पंधरा वेळा टाचा उचला. गुडघ्याला याचाच आधार मिळतो.

मांडव्याची वाट आणि वेळ

आपली हवा दमट. ऊन चढल्यावर धावू नका. पहाटे उजाडताच निघा, म्हणजे जेट्टीकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दीही लागणार नाही. रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, उजव्या कडेने चाला.

किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. मऊ वाळूत पोटऱ्या भरतात, उतारावर एका पायावर जास्त भार येतो. वेळेचा जुना हिशोब घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी भरती, तेव्हा रस्ताच बरा. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे पहाटे ओहोटी. त्या दोन-तीन दिवसांत सकाळचा किनारा तुमचा. पावसाळ्यात मात्र किनारा नको.

जे कुणी बोलत नाही

धावताना, शिंकताना थोडी लघवी होते म्हणून अनेकजणी व्यायाम सोडतात. बाळंतपणानंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडल्याने हे होतं. यावर उपाय आहे. लघवी रोखताना जसं आवळतो तसं पाच सेकंद आवळायचं आणि सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन महिने केलं की फरक कळतो. नाहीच थांबलं, किंवा खाली जड वाटतं, काही बाहेर आल्यासारखं वाटतं, तर डॉक्टरांना दाखवा. पाणी पिणं मात्र कमी करू नका.

दुसरी गोष्ट लाजेची. "या वयात, या अंगाने धावते!" असं कुणीतरी म्हणणारच. पण आठवा, पहिल्यांदा बँकेची पायरी चढलो तेव्हाही लोक हसले होते. एकटी गेलात तर लोक बघतात, पाचजणी गेलात तर विचारतात, "आम्ही येऊ का?" म्हणून गटानेच निघा. एकमेकींची सोबत होते आणि सुरक्षाही. घरी चहा पंधरा मिनिटं उशिरा झाला तरी चालतो, हे एकदा ठरवून सांगा.

समोर समुद्रापलीकडे मुंबईत जानेवारीत मोठी मॅरेथॉन होते. पूर्ण शर्यत ४२.१९५ किलोमीटरची असते. आपलं ध्येय बारा आठवड्यांनी न थांबता तीन मिनिटं धावण्याचं. ते जमलं की पुढचं आपोआप सुचेल.

पुढच्या बैठकीपर्यंत

१. प्रत्येकीने बीपी, शुगर आणि कंबर यांचा आकडा आपल्या वहीत लिहावा.
२. दोघी-दोघींच्या जोड्या ठरवाव्यात.
३. हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवावा: "या आठवड्यात किती दिवस?" बचतीसारखाच दर बैठकीत तो वाचावा.
४. चर्चा करा: आपल्या गटातली कोणती ताई घराबाहेर पडायला सगळ्यात जास्त अडते? तिच्या घरी कोण बोलेल?