बेकायदा भाडेवाढ : भाडेकरूने काय करावे?

माल बुडाला तर तो पुन्हा भरता येतो, पण वीस-पंचवीस वर्षांची दुकानाची जागा गेली की तिच्याबरोबर गिऱ्हाईकही जाते. म्हणूनच घरमालकाची भाडेवाढीची चिठ्ठी आली की आपले दुकानदार बंधू घाबरून जातात आणि दोनपैकी एक चूक करतात. काही जण मागितलेली रक्कम मुकाट्याने देऊन मोकळे होतात, तर काही जण रागाच्या भरात भाडेच बंद करतात. यातली दुसरी चूक जास्त महाग पडते. ती कशी, हे समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात जुना मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा होता. त्यात अनेक जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दरावरच गोठले होते. या गोठवणुकीवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ताशेरे ओढले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली आहे. याशिवाय भाडेकरूंच्या लेखी संमतीने केलेली सुधारणा, मोठी खास दुरुस्ती आणि वाढलेले नगरपालिका कर यांपोटीही कायद्याच्या मर्यादेत वाढ मागता येते. प्रमाण भाडे आणि ही परवानगीची वाढ सोडून वर जे मागितले जाते, ते बेकायदा आहे.

एक हिशेब पाहा. भाडे महिना १,२०० रुपये आहे. ४ टक्क्यांनी वाढ ४८ रुपये, म्हणजे १,२४८ रुपये झाले. मालकाने एकदम २,५०० मागितले तर उरलेल्या १,२५२ रुपयांचा आधार त्याने दाखवला पाहिजे. कर वाढला म्हणत असेल तर कराचे बिल मागावे. मागील काही वर्षे वाढ घेतलीच नसेल, तर एकूण हिशेब वकिलाकडून तपासून घ्यावा. मात्र ४८ रुपये हा मालकाचा हक्क आहे. तोही नाकारला तर चूक आपलीच ठरते.

हा कायदा कोणाला लागू नाही?

१ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या खाजगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या, बँका आणि सरकारी उपक्रम यांना या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. 'लीव्ह अँड लायसन्स'वर जागा घेणाराही भाडेकरू ठरत नाही. मुदत संपली की त्याला जागा सोडावी लागते. पण मुदतीच्या आत करारात लिहिलेली रक्कम दोघांनाही बंधनकारक असते. म्हणून आधी आपला कागद कोणता आहे, ते पाहावे.

मग करावे काय?

१. जबानी बोलणे पुरे नाही. वाढ कशाच्या आधारावर मागता, हे लेखी विचारावे आणि पत्राची पोहोच जपावी.

२. कायदेशीर भाडे दर महिन्याला वेळेवर देत राहावे. मालक घेत नसेल तर धनादेश, मनीऑर्डर किंवा बँकेमार्फत पाठवावे. परत आलेला धनादेश किंवा मनीऑर्डरची पावती हाच पुढे 'मी द्यायला तयार होतो' याचा पुरावा ठरतो.

३. पावती मागावी. घेतलेल्या रकमेची पावती देणे मालकाला कायद्याने बंधनकारक आहे.

४. वाद मिटत नसेल तर प्रमाण भाडे ठरवून मिळावे म्हणून न्यायालयात अर्ज करावा. मुंबईत हे काम लघुवाद न्यायालयाचे आहे. थकबाकीची नोटीस आल्यावर असा अर्ज केला, तर न्यायालय जी रक्कम भरायला सांगेल ती वेळेवर भरावी. न भरल्यास अर्ज फेटाळला जातो.

५. दबाव आणण्यासाठी मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर गप्प बसू नये. अत्यावश्यक सोय तोडण्यास कायद्याने मनाई आहे आणि ती पुन्हा सुरू करून घेण्यासाठी न्यायालयात जाता येते.

९० दिवस विसरू नका

भाडे थकले म्हणून मालकाला लगेच जागा खाली करून मागता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिला ९० दिवस झाल्यावरच दावा लावता येतो. दाव्याचे समन्स मिळाल्यापासूनही ९० दिवसांची संधी असते. त्या मुदतीत थकलेले कायदेशीर भाडे, वार्षिक १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि पुढेही भाडे नियमित भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावरून जागा जात नाही. पण या मुदती झोपेत घालवल्या, तर मालकाची मागणी कितीही बेकायदा असली तरी जागा वाचवणे कठीण होते. कारण न्यायालय मग वाढीव रक्कम बाजूला ठेवते आणि एवढेच विचारते की, जे खरोखर देणे होते ते तुम्ही दिले का?

म्हणून बंधूंनो, लढाई फक्त जास्तीच्या रकमेशी ठेवा. योग्य भाडे देत राहा. भाडेपावत्या, बँकेच्या नोंदी आणि मालकाची पत्रे वर्षवार एका फाईलमध्ये लावा. आपण उधारीची वही जशी जपतो, तशीच ही फाईल जपली पाहिजे. दुकान वाचवण्याची वेळ आली की तीच कामाला येते.