मागीलदारचा मांडव

तू त्याला पर्गोला म्हण, मी आपला मांडवच म्हणणार. मोबाइलवर दाखवलंस ते चित्र सुरेख आहे गो, पण कुठल्या तरी कोरड्या मुलखातलं दिसतंय. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून तर आपल्याकडे मांडव दिवाळीनंतर घालायचा आणि मिरगाआधी उतरवायचा. पोफळीचे खांब, वर माणग्याचे बांबू, त्यावर विणलेले झाप, सगळं काथ्याने बांधलेलं. सुटायला सोपं, कुजायच्या आत घरात. तुला मात्र बारमाही लाकडी मांडव हवाय. घाल की! फक्त प्रत्येक सांध्याशी थांबून स्वतःला विचार, इथे पडलेलं पाणी जाणार कुठून?

खांबांचंच बघ. मी एकदा शहाणपणा करून खांब सिमेंटात पुरले होते. वाटलं, आता हलत नाहीत. हलले नाहीतच, पण चौथ्या पावसाळ्यात जमिनीलगत बोट टेकलं तर आत गेलं. सिमेंटाची वाटी झाली होती, तिच्यात पाणी साचून लाकूड भिजत बसलं होतं. वरून खांब ठणठणीत! खांब कुजतो तो बहुधा मातीला जिथे भेटतो तिथेच. तेव्हा पाया सिमेंटाचा कर, पण त्यात लोखंडी बूट बसव आणि खांबाचा पाय जमिनीपासून चार बोटं उचललेला ठेव. खाली जांभ्याचा चिरा नको, तो पाणी पितो आणि खांबालाही पाजतो. पाय उघडा राहिला की वाळवीची मातीची नळीही लगेच दिसते.

आता असा बुटावर उभा खांब डुलणार. म्हणून चारही कोपऱ्यांत तिरके ठेपे हवेतच, त्यात कंजुषी नको. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत शिरलं, तेव्हा आमचा मांडव उतरवून झाला होता. पलीकडच्या वाडीत एकांनी मांडवावर पत्रे ठोकले होते. ते होडीच्या शिडासारखे फुगले आणि खांबांसकट गेले. तू वरून बंद काही करू नकोस. वारा आरपार जाऊ दे.

लाकूड किंजळ किंवा ऐनाचं घे. साग परवडला तर उत्तमच, पण सालीलगतचा पांढरट भाग काढून टाकायला सांग. कीड आधी त्यालाच लागते, मग नाव सागाचं असलं तरी काय उपयोग! आंबा स्वस्त मिळेल, तो फळीला ठीक, पावसात नाही. ओलं लाकूड तर मुळीच नको. लावल्यावर पीळ घेतं नि सांधे उघडे पडतात. तुळई उचलण्याआधी डोळ्यासमोर धरून बघ, जरा बाक असतोच. फुगीर बाजू वर ठेव, वजनाने ती सरळ होईल. उलटी लावलीस तर जन्मभर पोट सुटलेली दिसेल.

आखणीला सुतळी पुरते. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फूट, दुसरीकडे 4 फूट मोज. तिरकं माप 5 फूट आलं की कोपरा काटकोनात. उंची जुळवायला पाण्याची पारदर्शक नळी आण. आपलं परसू तिरपं आहे, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

वरच्या पट्ट्या दक्षिणोत्तर टाक आणि आडव्या नव्हे, कडेवर उभ्या. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्या अडवतील. भर दुपारचं मात्र नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायाखाली. त्याला वेलच पाहिजे. कृष्णकमळ चढव, नाही तर पावसाळ्यात पडवळ सोड, पडवळाचा संसार दिवाळीपर्यंतच. मधुमालती पाहायला गोड, पण जाड होऊन लाकडाला मिठी मारते आणि ती मिठी पाण्याची.

खिळ्यांआधी गिरमिटाने भोक पाड, नाही तर टोकाशी लाकूड तडकतं. खारा वारा साधं लोखंड खातो, तेव्हा स्टेनलेसचे स्क्रू घे. लाकडाचं कापलेलं तोंड पेंढ्यासारखं पाणी ओढतं. ती तोंडं तिरपी काप, त्यांना तेलाचे तीन हात दे. व्हार्निश नको, त्याचे पापुद्रे निघतात आणि पापुद्र्याखाली पाणी दडतं. उकळलेलं जवसाचं तेल दर मे महिन्यात लाव. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नकोस, ती आपोआप तापून पेट घेतात. उन्हात सुटी पसर नाही तर पाण्यात बुडव. आमच्या पडवीचा एक कोपरा अजून काळा आहे, त्याचं कारण आजीला विचारू नकोस.

आणि पहिला जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन मांडवाखाली जाऊन उभी राहा. थेंब कुठे सुटतो, कुठे लोंबकळत राहतो ते बघ. लोंबकळतो तिथे सुतळीचा तुकडा बांधून ठेव. दिवाळीला मी आलो की करवत घेऊन तेवढ्याच जागा बघू.