उंच केलेल्या जीपचे स्टिअरिंग ढिले लागते? तपासणी क्रमाने करा

शेतावरील चिखलवाटा, ओढे आणि चढउतार यांसाठी पुढे-मागे पाटे असलेली फोर-व्हील ड्राइव्ह जीप अनेक शेतकरी बांधव वापरतात. विलिस जीपच्या बांधणीवरून तयार झालेल्या महिंद्रच्या जुन्या गाड्या या प्रकारच्या आहेत. गाडी खाली घासू नये म्हणून जादा पाटे, लांब शॅकल व मोठे टायर घालून तिची उंची वाढविली जाते. त्यानंतर स्टिअरिंग ढिले लागते व गाडी सरळ रस्त्यावर भटकू लागते. अशा वेळी बहुधा प्रथम स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला जातो. दोष दुसरीकडे असल्यास त्याने काहीच साधत नाही, उलट बॉक्स जड होऊन लवकर झिजतो. म्हणून दोष शोधल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

लक्षण कोणते ते ओळखा

१) चाक न वळता स्टिअरिंग बरेच फिरते : सांधे, बॉक्स किंवा बोल्ट ढिले.
२) स्टिअरिंग ढिले नाही, पण गाडी भटकते व वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही : कॅस्टर कमी झालेला.
३) खड्ड्यात चाक आदळताच गाडी एका बाजूला ओढते : ड्रॅग लिंक फार तिरकी झालेली.

तपासणीची पद्धत

सपाट जागी, इंजिन बंद ठेवून पुढची चाके सरळ करावीत. मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पुढच्या दोन्ही टायरमधील हवा सारखी करावी. एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने खालून पुढील क्रमाने पाहावे.

१) कॉलमचा सांधा आणि बॉक्सचे चासीवरील बोल्ट. बॉक्सच चासीवर हलत असेल तर आधी बोल्ट आवळावेत. चासीला तडा आहे का तेही पाहावे.
२) बॉक्समध्ये जाणारा व बॉक्सखालील आर्मचा शाफ्ट. वरचा फिरतो, पण खालचा उशिरा हलतो, तर ढिलाई बॉक्समध्ये आहे.
३) ड्रॅग लिंक, बेल क्रँक असल्यास तिची पिन, व टाय रॉडची टोके. सांध्यावर हात ठेवल्यास ढिलाई लगेच जाणवते. झिजलेले टोक बदलावे. त्याला वेल्डिंग करू नये. नवी कॉटर पिन न विसरता घालावी.
४) पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकल व बुश. येथील ढिलाईने संपूर्ण अ‍ॅक्सल सरकतो आणि दोष स्टिअरिंगचा वाटतो.

नंतर अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. टायर वर-खाली धरून हलवावा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर व्हील बेअरिंग ढिले आहे. तशीच राहिली तर किंग पिन किंवा तिचे बेअरिंग तपासावे.

उंची वाढविल्याचे परिणाम

किंग पिनचा वरचा भाग थोडा मागे झुकलेला असतो. या कलास कॅस्टर म्हणतात. मूळ विलिस सीजे जीपमध्ये तो ३ अंश असे. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकास असेल तर लांब शॅकलने हा कल कमी होतो. त्यासाठी अ‍ॅक्सल व पाटा यांमध्ये योग्य कोनाची पाचर बसवितात, मात्र कोन मोजूनच. कारण त्याबरोबर प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. पुढच्या अ‍ॅक्सलवर ठोकळे घालून उंची वाढवू नये. ड्रॅग लिंक तिरकी झाल्यास खाली झुकलेला आर्म बसवून ती शक्यतो आडवी करावी. शेवटी टो-इन तपासून घ्यावा.

सांधे, बोल्ट, बेअरिंग व कोन ठीक असूनही ढिलाई राहिली, तरच बॉक्सचा स्क्रू जुळवावा. त्या वेळी ड्रॅग लिंक सोडवून स्टिअरिंग मध्यावर ठेवावे. नंतर ते पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून कोठे अडत नाही ना, हे पाहावे. अडत असल्यास बॉक्स झिजला आहे; तो उघडून दुरुस्त करावा.

उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, हेही लक्षात ठेवावे. उंची मूळ मापावर आणणे हाच पुष्कळदा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. टाय रॉडचे टोक ढिले असलेली गाडी माल भरून घाटात नेऊ नये. ते टोक निसटल्यास चाकांवर ताबा राहत नाही.