लोकलला भेटू

डोंबिवलीहून लीड्सला आलो ते २००३ साली. पिणं बेताचं, शब्दांची हौस जास्त. पहिल्या वर्षी पबमध्ये जेवढा फसलो तेवढा कुठेच फसलो नाही, आणि दर वेळी फसवलं ते ओळखीच्याच शब्दाने.

१. "संध्याकाळी लोकलला भेटू," सहकारी म्हणाला. "फास्ट की स्लो?" मी विचारलं. लोकल म्हणजे घराजवळचा, आपला नेहमीचा पब.

२. 'फ्री हाउस' या पाटीवर भाळू नये. फुकट काही मिळत नाही. बरेचसे पब पूर्वापार ब्रुअरीच्या मालकीचे. तिथे बिअर मालकाकडूनच घ्यायची सक्ती, म्हणून ते 'टाइड', बांधलेले. ज्याला ही सक्ती नाही तो फ्री. शेजारी "काल लँडलॉर्डशी तासभर गप्पा मारल्या" असं सांगायचा, तेव्हा घरमालकाशी याचं इतकं सख्य कसं, म्हणून मला हेवा वाटे. लँडलॉर्ड म्हणजे पब चालवणारा. आणि बांधलेल्या पबात हा 'मालक' बहुधा स्वतःच भाडेकरू असतो!

३. राउंड चुकवू नये. मी चुकवला. आम्ही चौघे होतो. तिघांनी आळीपाळीने चौघांचे ग्लास आणले. शेवटी बिल येईल आणि "अरे, राहू दे, मी देतो" अशी आपल्याकडची झटापट होईल, या हिशोबाने मी पाकीट चाचपत बसलेलो. बिल आलंच नाही, कारण तिथे पैसे दर खेपेला काउंटरवरच मोजायचे असतात. कुणी चकार शब्द काढला नाही. तिथली माणसं बोलत नाहीत, लक्षात ठेवतात. दोन आठवड्यांनी एकाने हसत हसत "आता तुझा राउंड" म्हटलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे भिशीसारखं आहे: पाळी महत्त्वाची. संत्र्याचा रस पिणाऱ्यालाही ती सुटत नाही.

टिपेचंही वेगळंच. पैसे ठेवण्याऐवजी "अँड वन फॉर युअरसेल्फ" म्हणायचं; काउंटरमागच्या माणसाच्या एका ग्लासाचे पैसे आपल्या हिशोबात धरले जातात. बक्षिशी दिल्यासारखं वाटत नाही, पाजल्यासारखं वाटतं.

४. आपल्याकडे पिण्याचं क्रियापदच 'बसणे'. "आज बसायचं का?" एवढं पुरतं. इथले जाणकार मात्र काउंटरला कोपर टेकून उभे. टेबलाशी बसून वेटरची वाट बघणारा एकटा मीच. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्या पाट्यांवर 'परमिट रूम' आली, म्हणजे नावातच सरकारची परवानगी. यांचं 'पब्लिक हाउस', चारचौघांचं घर. आता हे आईला फोनवर कसं सांगायचं? 'बार' म्हटलं की तिला लाल दिवे दिसत, 'गुत्ता' म्हटलं की गटार. शेवटी "कट्ट्यावर होतो" म्हणू लागलो. ते अगदीच खोटं नव्हतं.

५. 'व्हाइट हार्ट' हे नाव मनातल्या मनात देवनागरीत वाचू नये. मी पांढरं हृदय शोधत राहिलो, पाटीवर हरिण. ते दुसऱ्या रिचर्ड राजाचं चिन्ह. त्याच्याच काळात, १३९३ साली, एल नावाची बिअर विकणाऱ्यांना दाराशी खूण टांगायची सक्ती झाली. कुठे विकतात ते तपासनिसाला कळायला हवं ना!

६. 'बिटर' ही बिअर तळघरातल्या गारव्याची असते, बारा अंशांच्या आसपास. 'चिल्ड' मागू नये. मी मागितली होती.

७. तेव्हा अकराला दहा कमी असताना पहिली घंटा होई: 'लास्ट ऑर्डर्स'. अकराला दुसरी: 'टाइम'. मग हातातलं संपवायला वीस मिनिटं मिळत. पबच्या वेळा आवळल्या त्या पहिल्या महायुद्धात, दारूगोळ्याचे कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून. एका दारूसाठी दुसरीवर निर्बंध, हा विनोद इंग्रजीत होत नाही. लँडलॉर्डला समजावताना माझी दमछाक झाली. सोमवार ते शनिवार दुपारी पब बंद ठेवायची सक्ती १९८८ पर्यंत होती, रात्री अकराचं कुंपण २००५ पर्यंत. कायदा बदलला तरी आमचा लँडलॉर्ड अकराला घंटा वाजवतच राहिला.

आता त्या जागेत फ्लॅट आहेत. बस तिथे थांबते, आणि यंत्रातली बाई अजून त्या पबचंच नाव घेते.