न्यूयॉर्कची ‘ए’ गाडी : जलद मार्ग आणि बदलते वेळापत्रक

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतली ‘ए’ ही जलद गाडी मॅनहॅटनच्या उत्तर टोकाच्या इनवुडहून सुटते, ब्रुकलिन ओलांडते आणि क्वीन्समध्ये समुद्रकाठच्या फार रॉकअवेला पोचते. अंतर सुमारे ५० किलोमीटर. मॅनहॅटनमधला तिचा मूळ मार्ग १९३२ साली सुरू झाला.

या मार्गाचा बराच भाग चार रुळांचा आहे. दोन रूळ जलद गाड्यांचे, दोन थांबत जाणाऱ्या गाड्यांचे. मोठ्या स्थानकांत एकाच फलाटाच्या दोन बाजूंना दोन्ही गाड्या लागतात, त्यामुळे बदल करणे सोपे आणि चुकणेही तितकेच सोपे. कोलंबस सर्कलच्या ५९व्या रस्त्यावरून उत्तरेकडे निघालेली ‘ए’ दिवसा थेट १२५व्या रस्त्याला, म्हणजे हार्लेममध्ये थांबते. मधली सात स्थानके ती सोडते आणि त्यांतच नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाचे ८१व्या रस्त्याचे स्थानक आहे. तिथे जाणाऱ्याने सगळीकडे थांबत जाणारी ‘सी’ गाडी पकडावी. ‘बी’ही चालते, पण ती शनिवार-रविवारी नसते. गाडी आली म्हणून चढणाऱ्याला पाच किलोमीटर पुढे जाऊन परतावे लागते.

रात्री उशिरा मात्र हीच ‘ए’ प्रत्येक स्थानकावर थांबते, कारण त्या वेळी ‘सी’ बंद असते. दिवसा तासाभराचा वाटणारा प्रवास रात्री चांगलाच लांबतो, हे नवख्याच्या लक्षात येत नाही.

खरी कसोटी शनिवार-रविवारची. ही रेल्वे चोवीस तास चालते, त्यामुळे रूळ आणि सिग्नल दुरुस्त करायला रोजची मोकळी रात्र मिळत नाही. मुंबईचा मेगाब्लॉक रविवारी काही तासांत आटोपतो. इथली मोठी कामे अनेकदा शुक्रवारी रात्री सुरू होऊन सोमवारी पहाटे संपतात. बदलांचे प्रकार ठरावीक आहेत. कधी जलद गाडी सगळीकडे थांबत जाते. कधी एकाच दिशेच्या गाड्या काही स्थानके सोडतात. अशा वेळी पुढच्या मोठ्या स्थानकात उतरून उलट दिशेच्या गाडीने मागे येणे हाच मार्ग. कधी एखादा टप्पा बंद ठेवून बस सोडतात, आणि त्या बसला लागणारा वेळ आधीच दुपटीने धरलेला बरा. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे वळवलेली गाडी : वेस्ट फोर्थ स्ट्रीटपासून जे स्ट्रीटपर्यंत ‘ए’ कधीकधी ‘एफ’च्या रुळांवरून जाते. गाडीवरचे गोलातले अक्षर तेच राहते, पण कॅनाल, चेंबर्स, फुल्टन आणि हाय स्ट्रीट ही स्थानके लागतच नाहीत. फलाटावरच्या खांबांना चिकटवलेली सूचनापत्रे वाचावीत, आणि घरातून निघण्यापूर्वी ही रेल्वे चालवणाऱ्या एमटीएच्या ॲपवर त्या दिवसाचा बदल पाहावा. डब्यातल्या घोषणेच्या भरवशावर राहू नये. गर्दीत ती निम्मी ऐकू येते.

क्वीन्समध्ये रॉकअवे बुलेव्हार्डच्या पुढे मार्गाला फाटे फुटतात. दिवसा काही ‘ए’ गाड्या लेफर्ट्स बुलेव्हार्डला जातात, काही फार रॉकअवेला. गर्दीच्या वेळी मोजक्या रॉकअवे पार्ककडेही वळतात. केनेडी विमानतळाची एअरट्रेन हॉवर्ड बीचला मिळते आणि ते स्थानक रॉकअवेच्या फाट्यावर आहे. लेफर्ट्सची गाडी तिथे जात नाही. म्हणून बॅगा घेऊन निघालेल्याने अक्षरावर न जाता गाडीवर लिहिलेले शेवटचे स्थानक वाचावे. चुकून लेफर्ट्सच्या गाडीत बसल्याचे वाटेत कळले, तर रॉकअवे बुलेव्हार्डला उतरून त्याच फलाटावर फार रॉकअवेची गाडी येईपर्यंत थांबावे. तो फाटा मागे पडला की उलट फिरून पुन्हा रॉकअवे बुलेव्हार्डला यावे लागते, आणि विमानाची वेळ जवळ आलेली असेल तर तिथूनच टॅक्सी करणे शहाणपणाचे.